अक्का, मधुमालती कापली

अक्का, तुमची मधुमालती कापली. कुणाच्या तरी तोंडून उलटसुलट कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. जमिनीपासून वीतभर खोड ठेवलं आणि वरचा सगळा पसारा कमानीवरून ओढून काढला. आता फाटकावर नुसती लोखंडी कमान उभी आहे आणि रस्त्याने जाणारा-येणारा थेट आपल्या ओट्यापर्यंत बघत जातो. समोरच्या काकू म्हणाल्या, "बाई गेली नाही तोच वेलही काढली का?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. तुम्ही दिलं असतंत, आणि मग त्या आठवडाभर आपल्याकडे विरजण मागायला आल्या नसत्या.

तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दहावं झालं, तेरावं झालं, सावद्याची तुमची माहेरची मंडळी परत गेली, माझ्या मुक्ताची रजा संपली आणि तीही पुण्याला गेली. घरात उरलो मी आणि भाऊ. तुमचे यजमान, माझे मोठे दीर. चहा ठेवते आणि तो उकळायच्या आत अंगणात एक चक्कर मारून येते. पोळी तव्यावर टाकून कपडे काढायला जाते आणि दोरीवर कपडेच नसतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं काहीतरी राहिलं. उठून बघते तर सगळं जागच्या जागी. हे राहिलेलं काय ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. अंगणात गेलं की समोर ती वेल, अर्धी वाळलेली, म्हणून मी सगळी धुसफूस तिच्यावर काढत होते.

तिची ती अवस्था तुम्ही केलीत, अक्का. हे तुमच्या तोंडावर अनेकदा बोलले आहे, तेव्हा आता मागे बोलायला मला लाज वाटत नाही. सावद्याला केळीशिवाय दुसऱ्या कशाला कुणी झाड म्हणत नाही. लग्न होऊन धुळ्याला येऊन तुमची हयात गेली, तरी हाताला वळण केळीचंच. कढीपत्ता असो, जास्वंद असो, मशागत एकच. मधुमालतीच्या बुंध्याशी नवा फुटवा वर आला की तुम्ही त्याला पिल म्हणायच्या आणि विळा घेऊन बसायच्या. केळीच्या बागेत घड येईपर्यंत पिलं कापतच राहायची असतात, हे मी नवी सून होते तेव्हापासून तुमच्याकडून ऐकत आले. मी म्हणायचे, अक्का, ही केळ नाही.

"माले कयते ही केय नही," तुम्ही म्हणायच्या. इतक्या वर्षांत तुमच्या जिभेला 'ळ' म्हणून कधी जमला नाही. "पन झाड ते झाडच. पिलं मायचं बय खातात."

"एखादं तरी ठेवा."

"घड येऊ दे, मंग ठिवू."

मधुमालतीला कुठला घड येणार होता, मला सांगा. एका हिवाळ्यात तुमच्या भावाने फोनवर सांगितलं की थंडी फार आहे, बागांमध्ये धूर करतोय. तुम्ही लगेच वेलीच्या बुंध्याशी पालापाचोळा पेटवला. उशांना, पांघरुणांना, वरणालासुद्धा धुराचा वास. मी ऑफिसात गेले तर साहेबांनी विचारलं, ताई, घरी अजून चूल आहे का. मी घरी येऊन तुमच्याशी भांडले, तर तुम्ही म्हणालात, वेल बघ कशी खूश आहे. आणि खरंच खूश असायची हो. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, दुसऱ्या दिवशी गुलाबी व्हायची, मग लाल, आणि तिन्ही रंग एकाच घोसात लोंबायचे. तेव्हा मला तुमच्याशी भांडायला जागाच उरायची नाही.

मागच्या दोन वर्षांत मात्र ती खचली. खोड मनगटाएवढं जाड झालं होतं, ते मधोमध चिरलं, चिरेत वाळवी शिरली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बुंध्याशी साचला. पानं टोकाकडून करपायची, फुलं कुठेतरी एखादा घोस. आणि खाली दुसरं खोड नाहीच, कारण जे जे वर येऊ पाहत होतं ते ते तुम्ही कापलेलं. मी म्हटलं, अक्का, खालून छाटू या, नवे फुटवे येऊ देऊ या, नाहीतर ही जाईल. तुम्ही विचार केल्यासारखं केलंत.

"ह्यांले इचारते," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "ते नही म्हनतात. वेलीले कोनी हात लावू नका म्हनतात."

संपला विषय. भाऊ नाही म्हणाले म्हणजे नाही. मी त्यांना जाऊन विचारू शकत नव्हते, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारेल, भांडण होतं का. भांडण कसलं. मी या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं की जेठ, म्हणजे मोठा दीर, सासऱ्याच्या जागी. त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. सासूबाई गेल्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला. पंचायत समितीत मी मोठ्या तोंडाची बाई म्हणून प्रसिद्ध होते, अधिकाऱ्यांच्या टेबलावर फाईल आपटून आले आहे. पण घरी आले की तेच. "अक्का, भाऊंना म्हणावं नळ आला." भाऊ हाताच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तिले सांग, मोटर लाव." आणि मधे तुम्ही, पापड लाटत, मला सांगायच्या, "मोटर लाव वं." जणू मी बहिरी होते. मुक्ता लहानपणी हे बघून पोट धरून हसायची. आम्हाला कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सवय झाली की माणसाला काहीही चालतं.

मुक्ताचे बाबा गेले तेव्हाही मी भाऊंशी एक शब्द बोलले नाही. भाऊंचं मोटारी दुरुस्तीचं दुकान, त्या दुकानाच्या कामासाठी भाऊंनी आपल्या धाकट्या भावाला नरडाण्याला पाठवलं. हे जायला नको म्हणत होते, ऊन फार होतं. भाऊ म्हणाले, जाऊन ये. हे गेले आणि हायवेवरून परत आले नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने भाऊ ओट्यावर आणि मी आत. रीत होती म्हणून मला न बोलण्याची सोय होती. रीत नसती तर मी काय बोलले असते ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत होतं, कारण ते सगळं तुम्ही स्वयंपाकघरात ऐकलंत. "त्यांनी पाठवलं नसतं तर." भाकरी थापताना हेच, भांडी घासताना हेच. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की पुरे कर. नवऱ्याची बाजूही घेतली नाहीत.

माझे सख्खे भाऊ मला माहेरी न्यायला आले होते. मी बॅगही भरली होती. तेव्हा तुम्ही आत आलात, दार लावलंत आणि निरोप सांगितलात. तो मला अजून शब्दाला शब्द आठवतो. "हे म्हनतात, घर तुयं हाये. माहेरी जायाचं नाव काढू नको. नौकरी सोडू नको. पोरीले आमी पाहू." मी बॅग रिकामी केली. भाऊंवरचा राग गेला नाही, पण त्या रागाखाली पाय ठेवायला जमीन मिळाली. माणसाने चूक केली, पण शब्द दिला आणि पाळला, असं मी धरून चालले. त्या शब्दावर मी नोकरी केली, मुक्ताला शिकवलं, निवृत्त झाले, याच अंगणात म्हातारी झाले.

आता तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐका.

भाऊंनी खुर्ची ओट्यावरून उचलली आणि वेलीखाली नेऊन ठेवली. सकाळपासून तिथेच. वाळलेली पानं त्यांच्या टोपीवर पडायची, ते झटकायचेही नाहीत. मी दुपारी ताट वाढायचे, पाट मांडायचे आणि दाराआड उभी राहून ऐकायचे. तुम्ही असताना जेवण झालं की मला कळायचं. "हे म्हने भरीत चांगलं झालं." आता नुसता ताटाचा आवाज. एक दिवस ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अर्धी टाकून उठले. मीठ कमी होतं, की दात दुखत होता, की तुमची आठवण आली, मला कसं कळणार. मी फ्रिजकडे तोंड करून म्हटलं, "मिठाची बरणी ताटाशेजारीच आहे." दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

पण वेल रोज मरत चालली होती. माघ संपत आला. ऊन तापायला लागलं की छाटणी करून उपयोग नाही, एवढं मला कळत होतं. मी पांढरा थर खरवडला, नळाचं गोडं पाणी साठवून घातलं, आळं केलं, शेणखत आणून टाकलं. वरून काही फरक नाही. कापायला हवी होती, आणि भाऊंचा नकार होता. मला वाटायचं, तुमच्या हातची शेवटची जिवंत वस्तू आहे, म्हणून हा माणूस तिच्याखाली बसून राहिला आहे. आणि माझ्या डोळ्यांसमोर तीही जाणार.

शेवटी मुक्ताला फोन केला. म्हटलं, तू भाऊंना फोन कर आणि विचार. ती म्हणाली, आई, ते कुठे आहेत? म्हटलं, अंगणात. तू? म्हटलं, खिडकीत. मग तिने केला फोन. मी खिडकीतून बघत होते. भाऊंच्या खिशात मोबाईल वाजला, त्यांनी तो काढला, उलटा धरला, सुलटा केला, बोलले, ठेवला. पुन्हा माझा वाजला.

"भाऊ म्हणतात, वेल तुझ्या आईला आवडते, मी काय सांगणार."

"मला? त्यांनाच नको आहे ना कापायला?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. तुम्ही दोघं एकाच अंगणात आहात."

तिने फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. मी माळ्यावरून करवत काढली, पदर डोक्यावरून घेतला, अंगणात गेले, भाऊंकडे पाठ करून उभी राहिले आणि वेलीला म्हटलं, "ज्यांना ही कापायची नसेल त्यांनी आत्ता सांगावं. नंतर सांगितलं तर ऐकू येणार नाही."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी कव्हय सांगं, कापू नको म्हनीसन?"

मी वळले. वळायचं ठरवलं नव्हतं, वळले. भाऊंचा चेहरा मी इतकी वर्षं कधी समोरून पाहिला नव्हता, अक्का. बाजूने पाहिला, आरशात पाहिला, फोटोत पाहिला. त्यांच्या एका भुवईत तुकडा नाही, जुना वार आहे. हे मला माहीतच नव्हतं.

"अक्कांनी सांगितलं," मी म्हणाले. "तुम्ही नाही म्हणता म्हणून."

"तिनी माले सांगं, सुमनना जीव शे त्या येलवर, हात लावू नका. माले तं कव्हयना कापाना व्हता तो. बठ्ठी वाळवी लागेल शे."

मग दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तुम्ही तिथे उभ्या असाल आणि पकडल्या गेल्यात असं वाटून. भाऊ हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. आजवर मी तो शेजारी ठेवून मागे सरत आले होते. त्या गडबडीत कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. पाणी प्यायल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते हसण्याचे होते की दुसरे, मी विचारलं नाही.

मग आम्ही ती कापली. त्यांनी खोड धरलं, मी करवत चालवली. "तिरपी धर," ते म्हणाले. "तिरपीच आहे," मी म्हणाले. आत निम्मं खोड पोकळ होतं, हात लावला की माती सांडावी तसं सांडत होतं. तुम्ही त्या पोकळ आईचं बळ राखण्यासाठी पिलं कापत होतात.

एवढं सगळं होऊन मला झोप लागायला हवी होती. उलट झालं. मी तुमच्यावर इतकी चिडले की तुमच्या फोटोला हार घालायला दोन दिवस गेले नाही. वेल तुम्हाला तोडवत नव्हती, तर तसं म्हणायचं. माझ्याशी भांडायचं, तुम्हाला भांडता येत नव्हतं असं थोडंच आहे. पण तुम्ही त्यांचं नाव मला सांगितलंत आणि माझं त्यांना, आणि मधे पापड लाटत बसलात. मग मी एकेक आठवायला लागले. भरीत चांगलं झालं म्हणाले, ते कोण म्हणालं होतं? मुक्ताच्या लग्नात हिरवी पैठणी तूच घे असा भाऊंचा आग्रह आहे म्हणालात, तो कुणाचा आग्रह होता? त्या माणसाला पैठणी आणि सतरंजी यांतला फरक कळत नाही. मी ऑफिसातून उशिरा आले की तुम्ही सांगायच्या, हे काळजी करत होते. कोण काळजी करत होतं, अक्का?

आणि मग ती बॅग आठवली.

घर तुझं आहे. माहेरी जायचं नाव काढू नको. हे जर त्यांनी म्हटलंच नसेल तर? मग मी कुणाच्या शब्दावर या घरात आयुष्य काढलं? त्यांना मी नको असेन, आणि तुम्ही रेटून ठेवलं असेल, आणि ते रीत म्हणून गप्प राहिले असतील, तर माझ्या त्या सगळ्या वर्षांचं काय करू? तुम्हाला विचारता येत नाही. त्यांना आता विचारता येतं. समोर बसलेले असतात. "चहा घेणार का" एवढं मी आता थेट विचारते, ते "अर्धा" म्हणतात. पण चहाच्या मागून तो दुसरा प्रश्न ओठांपर्यंत येतो आणि मी कप घेऊन आत पळते. ते "नही" म्हणाले तर मी कुठे जाऊ, या वयात?

या येरझाऱ्यांत एक मात्र स्पष्ट झालं, तेवढं तरी नीट सांगते. ते शब्द कुणाचेही असोत, पाळले तुम्ही. मुक्ताला तापात मांडीवर घेऊन तुम्ही बसलात, तिची वेणी तुम्ही घातलीत, माझा डबा तुम्ही भरलात. शाळेत ती 'आई कोण' विचारल्यावर दोन नावं सांगून आली होती. मी मनातल्या मनात भाऊंचे उपकार मानत राहिले आणि तुम्हाला फक्त डाळ पातळ झाली म्हणून ऐकवलं. आणि तुम्हीही काही कमी नव्हतात. तुम्ही मला या घरातलं एक काम धड करू दिलं नाहीत. बँक तुमची, लोणचं तुमचं, देणंघेणं तुमचं, वेल तुमची. तुमच्या सावलीत मला बरं होतं आणि तुमच्या सावलीत माझा जीवही गुदमरायचा. दोन्ही खरं आहे. तुम्ही असताना यातलं एकही बोलले नाही.

परवा सकाळी मी आत कपडे घड्या करत होते. अंगणातून हाक आली.

"सुमन, इकडं ये."

माझं नाव. भाऊ बुंध्याशी उकिडवे बसले होते, त्या गुडघ्यांवर कसे बसले कोण जाणे. खोडाच्या कडेने, मातीतून, तांबूस टोकं वर आली होती. एक खोडालाच चिकटून, दोन जरा लांब. बोटाच्या पेराएवढी. मी खाली बसले.

"एक ठेव," भाऊ म्हणाले. "बाकीना काढी टाक. ती तशीच करे."

"एकही काढायचा नाही."

"येलले बळ ऱ्हावाले पाहिजे."

"भाऊ, एकही काढायचा नाही. ही केळ नाही."

मी त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणाले, अक्का. तुमच्यामार्फत नाही, भिंतीला नाही. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं दुखावले. मी उठायला लागले.

"एक इचारू?"

मी परत बसले. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या टोकांकडे बघत होते. बोट जवळ नेलं, लावलं नाही.

"अरुण गया तव्हय," ते म्हणाले. भावाचं नाव त्यांच्या तोंडून मी त्यानंतर पहिल्यांदा ऐकलं. "तव्हय मी दुकान बंद करी टाकं व्हतं. खावं-पेवं वाटे नही. तुन्हा समोर येवानी हिंमत नव्हती. तव्हय ती माले सांगे, सुमन म्हनस, भाऊसना काही दोस नही. भाऊसले सांगा, मनले लाई लेवू नका." त्यांनी बुंध्याशी पडलेलं वाळकं पान उचललं. "त्यावरच मी जगनू. पन आते त्या येलनं असं निंघनं. म्हनीसन इचारस. तू खरंच म्हनं व्हतं का?"

भाऊंचा दोष नाही, असं मी कधी म्हटलं नव्हतं. कधीच नाही. मी काय म्हणत होते ते या जगात फक्त तुम्ही ऐकलं होतं. तुम्ही ते ऐकत भाकरी भाजली असेल, हात धुतले असतील, आणि बाहेर जाऊन त्यांना हे सांगितलं असेल. रोज. ते पुन्हा जेवायला लागेपर्यंत.

माझा प्रश्न माझ्या तोंडाशीच होता. तेही तेवढीच वर्षं माझ्या एका शब्दावर उभे होते, जो मी दिलाच नव्हता. मी विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, त्यांना दुसरं काही येत नाही. मी विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

"हो, भाऊ," मी म्हणाले. "मीच सांगितलं होतं अक्कांना."

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि पाण्याचा डबा आणायला गेले.

अक्का, तिकडे मुक्ताचे बाबा भेटतील. त्यांनी विचारलं, तर तुम्हीही हेच सांगा.